टी-स्क्वेअर गेला, सही राहिली

नवं यंत्र आलं की इंजिनिअरचं काय होणार, हा प्रश्न दर पिढीला पडतो. सध्या एआयमुळे तो पुन्हा ऐरणीवर आलाय. ज्या घरात बारावी झालेलं पोर कॅप राउंडचे ऑप्शन भरत बसलंय, तिथं तर जेवतानाही तोच विषय. कॉम्प्युटर घ्यावं, मेकॅनिकल घ्यावं की सिव्हिल? त्या चर्चेत तोंडी लावायला ही काही खरीखुरी आणि थक्क करणारी माहिती. यातली बरीचशी आपल्या अंगणातली आहे.

चिप ब्लेडनं कापायचे

इंटेलची ४००४ ही चिप १९७१ साली बाजारात आली. तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्यांचा नकाशा माणसांनी हातानं कापला होता. रुबिलिथ नावाची फिल्म असते, पारदर्शक शीटवर लाल पापुद्रा चढवलेली. ती मोठ्या टेबलावर पसरायची, धारदार पात्यानं रेघा मारायच्या आणि नको तेवढा लाल पापुद्रा सोलून काढायचा. मग त्या भल्यामोठ्या चित्राचा फोटो काढून तो शेकडो पटींनी लहान करायचा. एक तुकडा चुकून सोलला गेला, तर अख्खी चिप बाद. फेडेरिको फॅजिन हा इटालियन इंजिनिअर या डिझाइनचा कर्ताधर्ता. त्यानं काम संपल्यावर चिपच्या कडेला 'एफ. एफ.' ही आपली आद्याक्षरं कोरली. म्हणजे चक्क सही केली.

आता एनव्हिडियानं २०२४ मध्ये जाहीर केलेली ब्लॅकवेल घ्या. ट्रान्झिस्टर किती? २०,८०० कोटी! एकेका ट्रान्झिस्टरला एकच सेकंद द्यायचा म्हटलं, तरी माणसाला साडेसहा हजार वर्षं लागतील. त्यामुळे कुठला भाग कुठं बसवायचा आणि तारा कुठून न्यायच्या, हे आता सॉफ्टवेअर ठरवतं. चिपवरच्या भागांची मांडणी आपल्या एआयनं सहा तासांच्या आत केली, असा दावा गुगलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये केला होता. त्यावरून तज्ज्ञांमध्ये जोरदार वादही झाला.

फिल्म सोलणाऱ्यांचं काम संपलं आणि व्हेरिफिकेशन इंजिनिअर ही एक नवी जमात उभी राहिली. चिप कारखान्यात जाण्याआधी ती कुठं चुकतेय हे शोधून काढायचं, एवढंच यांचं काम. चिपच्या प्रकल्पांवर डिझाइन करणाऱ्यांपेक्षा हे तपासणारे कित्येकदा जास्त असतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनो, हे लक्षात ठेवा.

जीटी मारणारी पिढी

खांद्याला शीट कंटेनर, हातात ड्राफ्टर आणि लोकलच्या गर्दीत 'जरा सांभाळून' म्हणत उभं असलेलं पोर दिसलं, की डब्यातल्या सगळ्यांना कळायचं, फर्स्ट इयर इंजिनिअरिंग! सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर जीटी चालायची, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली बल्ब लावायचा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट आणि पहाटेपर्यंत रेघेवर रेघ. व्हायवाला सरांनी 'हा व्ह्यू असा का आला?' विचारलं की खरी परीक्षा तिथं व्हायची.

नोकरीत गेल्यावर ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन. रेघ चुकली तर अर्धं ब्लेड घेऊन शाई हलक्या हातानं खरवडायची. जास्त खरवडली की कागदाला भोक. मग अमोनिया प्रिंट. त्या खोलीतला वास एकदा नाकात बसला, की माणूस तो जन्मात विसरत नाही. ड्रॉइंग ऑफिसात ओळीनं पंचवीस-तीस बोर्ड मांडलेले असायचे आणि मुख्य ड्राफ्ट्समनचा दरारा मॅनेजरपेक्षा कमी नसायचा.

हे सगळं चालू असताना, १९६३ साली, एमआयटीत आयव्हन सदरलंड नावाच्या विद्यार्थ्यानं पीएचडीसाठी स्केचपॅड करून दाखवलं होतं. पडद्यावर प्रकाशाचं पेन टेकवून रेघ ओढायची आणि कॉम्प्युटरला सांगायचं, 'या दोन समांतर कर'. की तो करायचा. ते ज्या टीएक्स-२ यंत्रावर चालायचं, तसं यंत्र दुसऱ्या कुणाच्या ऑफिसात असण्याची शक्यताच नव्हती. १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड आलं आणि हे काम टेबलावरच्या साध्या कॉम्प्युटरवर होऊ लागलं. बघता बघता आपल्याकडच्या ऑफिसांतले बोर्डही भिंतीला टेकले.

दोन विमानं शेजारी ठेवली की बदल दिसतो. बोइंग ७४७ साठी कागदावर सुमारे ७५,००० ड्रॉइंग काढली होती. १२ जून १९९४ रोजी उडालेलं ७७७ हे पूर्णपणे कॉम्प्युटरवर डिझाइन झालेलं पहिलं प्रवासी जेट. जोडणी जमते का हे बघायला पूर्वी अख्ख्या विमानाचा लाकडी-धातूचा सांगाडा उभारायचे. इथं ती जोडणी पडद्यावरच झाली. पडद्यावर एक माणूसही उभा केला होता. दुरुस्तीच्या जागी मेकॅनिकचा हात पोचतो का, हे त्याच्याकडून तपासून घ्यायचे.

मला यातलं सगळ्यात भावलेलं म्हणजे माणसांची फेरमांडणी. पूर्वी डिझाइनवाले ड्रॉइंग काढून कारखान्याकडे सोपवायचे आणि मोकळे व्हायचे. ७७७ साठी डिझाइनवाले आणि प्रत्यक्ष बांधणारे एकत्र बसवले. अशा २३८ टीम होत्या. विमान बनवणाऱ्याचं मत विमान बनण्याआधी विचारलं गेलं.

आपल्याकडे नागपूर मेट्रोनं सुरुवातीपासून '५-डी बिम' वापरलं, म्हणजे बांधकामाचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती, चौथी वेळ आणि पाचवी पैसा. एक खांब सरकवला की वेळापत्रक आणि खर्च दोन्ही हलतात, तिथल्या तिथं. बिमवाल्यांचा रोजचा शब्द आहे 'क्लॅश', म्हणजे पाण्याचा पाइप बीममधून आरपार जाताना दिसणं. पूर्वी हा साइटवर सापडायचा आणि मग हातोडा चालायचा. बाकी आयटीआयचा ड्राफ्ट्समन ट्रेड आजही आहे. फक्त मुलं आता कॅडवर बसतात.

बुडालेलं गणित

स्लाइड रूल ही सरकपट्टी साडेतीनशे वर्षं इंजिनिअरच्या हातात होती. तिला एका नव्या यंत्रानं संपवलं. एचपी-३५ हा कॅल्क्युलेटर १९७२ मध्ये आला. बटणं ३५, म्हणून नाव ३५. किंमत ३९५ डॉलर. शर्टाच्या खिशात मावला पाहिजे, ही बिल ह्युलेट यांची अट होती. साडेतीन वर्षांत तीन लाखांहून जास्त विकले गेले आणि १९७० चं दशक संपायच्या आत मोठ्या कंपन्यांनी सरकपट्ट्या बनवणं बंद केलं.

हिशेब यंत्राकडे सोपवला की काय होऊ शकतं, हे बघायला आता नॉर्वेला चला. २३ ऑगस्ट १९९१. स्टाव्हांगरजवळच्या खाडीत स्लाइप्नर-ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचं काँक्रीटचं बूड पाण्यात हळूहळू उतरवत होते. चोवीस पोकळ कोठ्यांचं ते अजस्र बांधकाम होतं. वर पुढं ५७,००० टनांचा डेक बसायचा होता. उतरवताना अचानक आतून मोठा आवाज आला आणि पाणी आत घुसू लागलं. पंप लावले, पण पाण्याचा लोंढा त्यांच्या आवाक्यापलीकडचा होता. माणसं वेळेत बाहेर पडली, सगळी वाचली. काही मिनिटांतच ते सगळं बांधकाम खाली गेलं आणि तळाला आदळून त्याचे तुकडे झाले. त्या धक्क्याची नोंद भूकंपमापकांवर ३ रिश्टर अशी झाली. नुकसान जवळपास ७० कोटी डॉलर.

चूक कुठं होती? कॉम्प्युटरच्या गणितात. तीन कोठ्या एकमेकींना भिडतात तिथं एक त्रिकोणी पोकळी तयार होते. बाहेरून पाण्याचा दाब आला की तिच्या भिंतीवर कातरणारा ताण येतो. 'फायनाइट एलिमेंट' पद्धतीत बांधकामाचे छोटे छोटे तुकडे पाडून हिशेब करतात. त्या भिंतीपाशी हे तुकडे फार ढोबळ पाडले होते. म्हणून कातरताण ४७ टक्के कमी निघाला. भिंत पातळ झाली, सळईही अपुरी पडली. प्रोग्रॅम नासाच्या घराण्यातला, नामांकित होता. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्यानं दिलं. पण त्या कोपऱ्यात हा आकडा पटतो का, हे विचारायचं राहून गेलं.

पुढचं ऐका. अपघातानंतर तेच गणित नीट, बारीक तुकडे पाडून पुन्हा केलं. तेव्हा उत्तर आलं की ही भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल. प्रत्यक्षात ती फुटली होती ६५ मीटरवर! आणि नवं बूड उभारायचं ठरलं, तेव्हा सुरुवातीचे हिशेब इंजिनिअरांनी सरकपट्टीच्या जमान्यातल्या पद्धतीनं, हातानं केले. नवा प्लॅटफॉर्म १९९३ मध्ये उभा राहिला.

त्याच्याही आधी, अमेरिकेत हार्टफर्डला १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे एका स्टेडियमचं कॉम्प्युटरनं डिझाइन केलेलं छत बर्फाच्या भारानं कोसळलं. काही तासांपूर्वीच त्याखाली सुमारे ५,००० माणसं बास्केटबॉल बघत बसली होती. एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर आजही सॉफ्टवेअरचं उत्तर आलं की पाठकोऱ्या कागदावर दोन ओळींचं ढोबळ गणित मांडतो. अशा माणसाला जुन्या वळणाचा म्हणू नका. आपण ज्या स्लॅबखाली झोपतो, तिच्यावर सही त्याची असते.

व्हॉन बाईंनी काय केलं

हिशेब करणारी माणसं पगारावर ठेवायची पद्धत जुनी आहे. 'सर्व्हे ऑफ इंडिया'त राधानाथ शिकदार हे कॉम्प्युटर या पदावर १८३१ मध्ये लागले. 'शिखर क्रमांक १५' हे जगातलं सर्वांत उंच आहे, हे १८५२ मध्ये त्यांनी हिशेबानं काढल्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. पुढं त्या शिखराला एव्हरेस्ट हे नाव मिळालं. तेव्हा जाहीर झालेली उंची होती २९,००२ फूट. निरीक्षणं शंभर मैलांहून दूरवरून घेतली होती. २०२० मध्ये उपग्रहांच्या मदतीनं, शिखरावर यंत्र नेऊन मोजली, तर निघाली ८,८४८.८६ मीटर. फरक अवघा ९ मीटरचा!

अमेरिकेत लँग्लीच्या प्रयोगशाळेत असे हिशेब करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा वेगळा विभाग होता. डोरोथी व्हॉन १९४९ पासून त्याच्या प्रमुख होत्या. आयबीएमची यंत्रं येणार हे दिसल्यावर बाईंनी स्वतः फोर्ट्रान शिकून घेतलं आणि हाताखालच्या जणींनाही शिकवलं. विभाग बंद झाल्यावर त्या प्रोग्रॅमर म्हणून काम करू लागल्या. वरून आदेश येण्याची वाट न बघता आपल्या अख्ख्या टीमला पुढं नेणारी अशी साहेबीण प्रत्येक ऑफिसला मिळो.

खडकवासल्याची शहाणी दारं

ऑटोमेशन कालपरवा आलं असं वाटत असेल, तर पुणेकरांनी खडकवासल्याकडे बघावं. १९०३ मध्ये तिथं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आपोआप चालणारी दारं बसवली. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दारं उघडायची, उतरलं की मिटायची. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठू लागलं. या रचनेचं पेटंटही त्यांनी घेतलं. नंतर ग्वाल्हेरच्या टिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर ती पोचली. विश्वेश्वरय्या पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजचे, १८८३ चे पदवीधर. सेन्सर नाही, वीज नाही, नुसता पाण्याचा आणि वजनाचा तोल!

मावळा भुयारात

मुंबईच्या कोस्टल रोडचा बोगदा मलबार हिलच्या पोटातून खोदणाऱ्या यंत्राचं नाव होतं मावळा. त्याचा व्यास १२.१९ मीटर, चार मजली इमारतीएवढा. जानेवारी २०२१ मध्ये प्रियदर्शिनी पार्कपासून निघालेला मावळा १० जानेवारी २०२२ रोजी गिरगाव चौपाटीच्या बाजूला बाहेर आला. मेट्रो-३ साठी अशी १७ यंत्रं होती आणि त्यांना कृष्णा, वैतरणा, गोदावरी, तानसा अशी नद्यांची नावं दिली होती.

बोगद्यातला इंजिनिअर आता डोळ्यांनी खडक बघतच नाही. समोर पोलादी चकती असते आणि तिच्यापलीकडे अंधार. तो बसतो केबिनमध्ये, स्क्रीनसमोर. चकतीला किती जोर लागतोय, तोंडाशी दाब किती आहे, बाहेर येणाऱ्या गाळात काय आहे, यंत्र आखलेल्या रेषेपासून किती मिलिमीटर सरकलंय, यावरून तो पुढचा खडक ओळखतो. वर दीडशे वर्षांच्या जुन्या चाळी आणि देवळं. तिथं जमीन खचली तर सेन्सर ओरडतात. भूगर्भशास्त्र आणि डेटा दोन्ही येणारी माणसं या कामाला लागतात, आणि ती सहज मिळत नाहीत.

बोरघाटाचे बोगदे १८६० च्या आसपास पहारीनं आणि सुरुंगानं खोदले गेले. त्याचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथं आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. कंत्राट त्यांची पत्नी ॲलिस यांनी हाती घेतलं आणि काम चालू ठेवलं. हे इथं सांगायची खास गरज नव्हती, पण घाटातून जाताना त्या बाईंची आठवण कुणीच काढत नाही, म्हणून सांगितलं.

छापलेलं इंजिन, छापलेलं पोस्ट

जीईच्या लीप विमान-इंजिनात इंधन फवारणारी एक तोटी असते. पूर्वी ती २० तुकडे जोडून बनायची. ३-डी प्रिंटिंगनं एकच सलग तुकडा झाला, वजन २५ टक्क्यांनी घटलं आणि टिकाऊपणा पाचपट झाला.

३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून चेन्नईच्या अग्निकुलचं 'अग्निबाण' उडालं. त्याचं इंजिन एकाच तुकड्यात छापलेलं होतं. आयआयटी मद्रासच्या अंगणात वाढलेली ही कंपनी. आणि बंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमधलं १,०२१ चौरस फुटांचं पोस्ट ऑफिस काँक्रीटच्या थरावर थर देत छापलं गेलं. लार्सन अँड टुब्रोनं ते ४३ दिवसांत उभं केलं आणि १८ ऑगस्ट २०२३ रोजी त्याचं उद्घाटन झालं.

यात डिझाइन करणाऱ्याची सवयच बदलते. मेकॅनिकलच्या मुलाला पहिल्या वर्षापासून शिकवतात की जो भाग कापता येणार नाही तो काढू नकोस, ड्रिल जिथं पोचणार नाही तिथं भोक दाखवू नकोस. छापताना वाकडं-तिकडं, आतून पोकळ, काहीही चालतं. जुन्या मर्यादा डोक्यातून काढायच्या आणि नव्या शिकायच्या. थर कुठं ढासळेल? गरम धातू थंड होताना कुठं ओढला जाईल? हा अभ्यास बराच मोठा आहे.

चुन्याच्या रेघांचं गाव

शेताला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घराला? कित्येक गावांत मालकीचा धड कागदच नव्हता, त्यामुळे बँक कर्ज देत नसे. मल्हारगडाच्या पायथ्याशी, पुरंदर तालुक्यात सोनोरी नावाचं गाव आहे. गावठाणाची ड्रोननं मोजणी करायचा प्रयोग महाराष्ट्रानं तिथं केला. पुढं २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची 'स्वामित्व' योजना सुरू झाली, ती याच वाटेनं.

आधी गावकरी आणि भूमी अभिलेखची माणसं मिळून घराघराच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात. 'माझी भिंत इथवर' म्हणून जे भांडण व्हायचं ते तेव्हाच होतं आणि बहुतेक वेळा तिथंच मिटतं. मग ड्रोन वरून फोटो घेतं आणि त्यातून नकाशा होतो. साखळी ओढत, प्लेन टेबल मांडत जे काम महिनोन् महिने चालायचं, त्याचं उड्डाण एका दिवसात उरकतं. मोजणीदार मात्र लागतोच. रेघ कुणाच्या ओट्याच्या आतून गेली, हे ड्रोनला कळत नाही.

त्याहून उंचावर निसार आहे. इस्रो आणि नासाचा हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. १२ मीटर व्यासाचा अँटेना, दर १२ दिवसांनी तोच भूभाग पुन्हा, ढग असोत की रात्र. जमीन काही सेंटिमीटर हलली तरी रडारला दिसते. दरडीखाली गावं गेलेली आपण माळीणला आणि इर्शाळवाडीत पाहिली आहेत. सिव्हिलच्या मुलांनी रडारची ही चित्रं वाचायला शिकावं, असं मला फार मनापासून वाटतं.

चेतक तिरकी करायची

बजाजची चेतक १९७२ मध्ये आली. सकाळी सुरू झाली नाही की ती एका बाजूला तिरकी करायची, सरळ करायची आणि मग किक. हा कार्यक्रम महाराष्ट्रातल्या प्रत्येक वाड्यात आणि चाळीत पाहिलेला आहे. आकुर्डीत जिथं ती बनायची, त्याच जागेवर जून २०२२ मध्ये इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना सुरू झाला. आता पिस्टन नाही, कार्ब्युरेटर नाही, प्लग साफ करायचा नाही. बॅटरीतला प्रत्येक सेल किती तापलाय, किती भरलाय हे बघणारी यंत्रणा असते, बीएमएस. तिच्यावर काम करायला रसायन, इलेक्ट्रॉनिक्स आणि कोडिंग या तिघांची थोडी थोडी जाण लागते. पिंपरी-चिंचवडमध्ये व्हॉल्व्ह आणि गिअर बनवणारे शेकडो छोटे कारखानदार आहेत. पुढच्या दहा वर्षांत आपण काय बनवायचं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न आहे आणि त्यांना मदत लागणार आहे.

कानाला स्क्रू ड्रायव्हर

कारखान्यातला मुरलेला फिटर मोटरच्या बेअरिंगवर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो, डोळे मिटतो आणि सांगतो, 'आठवडाभर चालेल, मग बदला.' आता तिथं काडेपेटीएवढा सेन्सर चिकटवतात. तो कंपनं मोजतो आणि सॉफ्टवेअर इशारा देतं. याला प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स म्हणतात.

पण सॉफ्टवेअरला शिकवायचं कुणी? कुठला आवाज बेअरिंगचा, कुठला सैल झालेल्या बोल्टचा, कुठला शेजारच्या प्रेसचा, याची खूण करून द्यायला तोच फिटर लागतो. ज्या कंपन्या अशा माणसांना रिटायर होण्याआधी डेटावाल्या पोरांच्या शेजारी बसवतात, त्या शहाण्या.

जवळजवळ बरोबर

आता एआय. जुलै २०२५ मध्ये मेटर या संस्थेनं एक प्रयोग जाहीर केला. ओपन सोर्समधले १६ मुरलेले प्रोग्रॅमर घेतले, त्यांना त्यांच्याच ओळखीच्या कोडमधली २४६ कामं दिली. काही कामं एआय वापरून, काही न वापरता. एआयमुळे आपण २० टक्के जास्त वेगानं काम केलं, असं त्यांनी काम झाल्यावर सांगितलं. घड्याळ म्हणालं, एआय वापरलं तिथं १९ टक्के वेळ जास्त लागला! ही २०२५ च्या सुरुवातीची साधनं होती आणि माणसं सोळाच होती, हे खरं. तरी स्वतःच्या वेगाबद्दल इतका मोठा गैरसमज व्हावा, याचं मला फार आश्चर्य वाटतं.

त्याच वर्षी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळानं केलेल्या पाहणीत ८४ टक्के जणांनी सांगितलं की आपण एआय वापरतो किंवा वापरणार आहोत. त्याच्या अचूकतेवर भरवसा नाही म्हणणारे ४६ टक्के, भरवसा असलेले ३३ टक्के. मुख्य तक्रार ही की उत्तर जवळजवळ बरोबर असतं. साफ चुकलेलं लगेच दिसतं, पण जवळजवळ बरोबर असलेलं शोधायला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

हिंजवडीतली बातमी मात्र टाळून चालणार नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली माणसं. कारण एआय नव्हे, कौशल्य आणि काम यांचा मेळ बसत नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. कारण काहीही असो, वाकड-बाणेरच्या सोसायट्यांत त्या आठवड्यात झोप उडाली होती. पंचेचाळिशीत, घराचे हप्ते चालू असताना नवं शिकायला बसणं सोपं नाही, आणि 'अपस्किल व्हा' एवढं म्हणून कुणी मोकळं होऊ नये.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती फ्रेशरची. पहिल्या दोन वर्षांत छोटे बग काढायचे, टेस्ट लिहायच्या, दुसऱ्याचा कोड वाचून डोकं खाजवायचं, यातच माणूस तयार होतो. तीच कामं आता एआयकडे जातायत. मग 'जवळजवळ बरोबर' ओळखणारी नजर या मुलांना कुठं मिळणार? कंपन्यांनी शिकाऊ पोरांना मुद्दाम, एआय बाजूला ठेवून, हातानं काही महिने काम करू द्यावं असं माझं ठाम मत आहे. स्लाइप्नरच्या त्या कोपऱ्याकडे बघायला कुणीतरी लागणारच आहे.

बीम, स्लॅब आणि मराठी

२०२१-२२ पासून एआयसीटीईनं भारतीय भाषांतून बीटेकला परवानगी दिली आणि निगडीच्या पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगनं कॉम्प्युटरची मराठी तुकडी सुरू केली. पुस्तकांच्या भाषांतरासाठी एआयसीटीईनं 'अनुवादिनी' हे एआय साधन केलं. तपासायला प्राध्यापक आहेतच. बीड-परभणीकडून आलेलं, गणितात हुशार पण इंग्रजी लेक्चरला मागच्या बाकावर गप्प बसणारं पोर ज्यानं पाहिलंय, त्याला याचं मोल कळेल. 'सर, परत सांगा' हे स्वतःच्या भाषेत म्हणता आलं, तरी निम्मी केटी टळते.

साठीतली भाषा

कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९५९-६० ची. कॉलेजात सहसा कुणी शिकवत नाही, मुलं नावही घेत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये कोरोनानं अमेरिकेत लाखोंच्या नोकऱ्या गेल्या आणि बेकारी भत्त्यासाठी अर्जांचा पूर आला. न्यू जर्सी राज्याची ही यंत्रणा चाळीस वर्षं जुन्या कोबोलवर चालत होती, ती गुदमरली. गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकार परिषदेत, डॉक्टर-नर्सना मदतीला बोलावतात तसं, कोबोल येणाऱ्यांनी स्वयंसेवक म्हणून पुढं यावं, असं जाहीर आवाहन केलं. त्याच महिन्यात आयबीएम आणि ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टनं नव्या मुलांसाठी कोबोलचा मोफत अभ्यासक्रम खुला केला.